कवडशांचा गोठा

गव्हाणे बाई वर्गात आल्या की आधी खिडक्यांकडे बघायच्या, मग मुलींकडे. कुठली खिडकी सताड उघडी आहे, कुठली अर्धी लोटलीय, बाहेर ढग आहेत की लख्ख ऊन, हे बघून झालं की मग हजेरी. हजेरी घेता घेता मध्येच एखादीला म्हणायच्या, "तुमी जरा डावीकडं सरका." त्या मुलीला वाटायचं, आपली चोरून चाललेली गंमत बाईंनी पकडली. बाईंना फक्त तिच्या गालावर अर्धा पडलेला उजेड पुरता पडलेला बघायचा असायचा.

परभणीतल्या आमच्या मुलींच्या शाळेत त्या चित्रकला शिकवायच्या आणि मी मराठी. मी नोकरीला लागले तेव्हा त्या शाळेत मुरलेल्या होत्या. उंच, काटक बांधा, फिक्या रंगाची सुती साडी आणि बोटांवर कायम पत्र्याचे नाहीतर काचेचे बारीक ओरखडे. पाचवीतल्या मुलीला, शिपायाला आणि मुख्याध्यापकांना, सगळ्यांना सारखंच 'तुमी'. मलाही पहिल्या दिवसापासून 'रेखाबाई' आणि 'तुमी'. मी त्यांच्याहून खूप लहान, म्हणून एकदा संकोचून म्हटलं, "बाई, मला नुसतं रेखा म्हणा की." तर म्हणाल्या, "म्हणून बघितलं मनातल्या मनात. जमायलं न्हाई."

मधल्या सुट्टीत आम्ही शिक्षिका डबे उघडून बसायचो. बाई आपला चहाचा काचेचा ग्लास घेऊन खिडकीशी जायच्या. चहा कोरा. दुधाचा का घेत नाही, असं कुणीतरी विचारलं तर त्यांनी ग्लास उन्हात धरला. टेबलावरच्या वह्यांवर तांबूस, मधासारखा कवडसा पडला, आणि हात हलला तसा तोही हलला. "दूध घातलं की हे बंद," त्या म्हणाल्या आणि चहा पिऊन टाकला. दुधाचा खर्च वाचवायला बाई असं करतात, असं आमच्यातल्या एकीचं अखेरपर्यंत मत होतं.

त्यांना मूर्तिकला शिकायची होती. दगडमातीनं मुलीचे हात खराब होतात, पुढं सोयरिकीला अडचण येते, म्हणून वडिलांनी त्यांना चित्रकला शिक्षकाच्या अभ्यासक्रमाला घातलं. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही तक्रार म्हणून नाही. "मग मी म्हटलं, ज्यानं हात खराब होत न्हाईत असं काय हाय? तर उजेड हाय." आणि स्वतःच्या ओरखडलेल्या बोटांकडे बघून हसल्या. "त्यानंबी झालेच म्हणा."

सभागृहामागं अडगळीची एक खोली होती. मोडकी बाकं, फाटके नकाशे. ती त्यांनी मागून घेतली. पश्चिमेच्या एकुलत्या एका खिडकीला पत्रा ठोकला आणि त्याला खिळ्यानं भोकं पाडली. आत तारेवर काय काय टांगलं: औषधाच्या रिकाम्या बाटल्या, फुटक्या बांगड्या, चष्म्याच्या दुकानातून आणलेल्या टाकाऊ काचा, कुणाच्या तरी छातीचा एक्स-रे. दुपारी ऊन कलायला लागलं की भोकांतून किरण आत यायचे आणि समोरच्या भिंतीवर आधी एक उभी, पिवळसर रेघ दिसायची. मग तिला फांद्या फुटायच्या. मग बांगड्यांच्या तुकड्यांची हिरवी-लाल पानं. तासाभरात भिंतीवर झाड उभं राहायचं, हळूहळू वर सरकायचं आणि छतापाशी जाऊन विरायचं. मुली श्वास रोखून बघायच्या.

"ह्याला म्हणायचं काय, बाई?" मी विचारलं.

"मूर्तीच हाय की. फक्त धरता येत न्हाई."

उजेडाबद्दल त्यांचं एक म्हणणं होतं, ते त्या कुठल्याही विषयावरून तिथं आणून ठेवायच्या. "उजेड कुणालाच दिसत न्हाई, रेखाबाई. तो ज्याच्यावर पडतो ते दिसतं. आन मधली हवा बदलली की तेबी बदलतं." मी मान डोलवायची. त्याचा अर्थ मला पहिल्यांदा कळला तो शाळेच्या रंगकामाच्या वेळी.

शाळा रंगवायला हनीफभाई नावाचे रंगारी होते. कार्यालयासमोरची भिंत रंगवून झाली आणि सकाळी मुख्याध्यापक बघतात तो अर्धी भिंत पांढरी, अर्धी निळसर. त्यांनी हनीफभाईंना बोलावून घेतलं.

"दोन वेगळे रंग लावलेत तुम्ही."

"साहेब, एकच डब्बा हाय. कसम से."

"मला डोळे नाहीत का?"

आवाज वाढला तशी आम्ही सगळ्या बाहेर आलो. गव्हाणे बाई भिंतीपाशी गेल्या नाहीत. त्या उलट्या दिशेला वळल्या. तिथं नुकतीच मुलींच्या सायकलींसाठी नवी शेड झाली होती, निळ्याभोर पत्र्याची, आणि सकाळचं ऊन थेट तिच्यावर पडत होतं. बाईंनी शिपायाला सभागृहातली पांढरी चादर आणायला लावली आणि हनीफभाईंना म्हणाल्या, "भाई, शिडी लावा आन ही त्या पत्र्यावर पसरा." चादर पसरली गेली आणि आमच्या डोळ्यांदेखत भिंतीवरचा निळा रंग उतरला. सगळी भिंत एकसारखी पांढरी. चादर काढली की पुन्हा निळी. मुख्याध्यापकांनी ती दोनदा पसरायला लावली, दोनदा काढायला लावली. मग घसा खाकरून म्हणाले, "बरं, मग आता काय करायचं?"

"काही न्हाई," बाई म्हणाल्या. "सकाळी निळी, दुपारी पांढरी. एका डब्यात दोन भिंती झाल्या तुमच्या."

मुख्याध्यापक भले माणूस होते, हसले. पण त्यांना बाईंचा खरा राग आला तो विज्ञान प्रदर्शनात. प्रमुख पाहुणे म्हणून एक मोठे अधिकारी यायचे होते आणि त्यांना झाडाची खोली दाखवायची असं ठरलं होतं. पाहुण्यांना उशीर झाला. हार, सत्कार, भाषणं उरकून मंडळी खोलीपाशी आली तोवर सूर्य शेजारच्या इमारतीमागं गेलेला. आत नुसता अंधार आणि तारेवर टांगलेल्या बाटल्या.

मुख्याध्यापक बाईंच्या कानाशी कुजबुजले, "बाहेरून मोठा बल्ब लावा की."

"बल्बानं न्हाई होत सर हे. ऊन सरकतं, बल्ब सरकत न्हाई." मग त्या पाहुण्यांकडे वळून साध्या आवाजात म्हणाल्या, "उजेड गेला साहेब. उद्या या."

दाराशी उभ्या असलेल्या आम्हा सगळ्यांना घाम फुटला. साहेब निघून गेले. आता बाईंचं काही खरं नाही, असं स्टाफरूममध्ये सगळ्यांचं एकमत झालं.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. एकटे, ना हार ना गाडीतली माणसं. आणि नेमकं सकाळपासून आभाळ भरून आलेलं. बाईंनी त्यांना खरं ते सांगितलं, "आज ढग हायेत. झाड न्हाई यायचं." ते म्हणाले, "आलोय तर बसतो." बाकावर बसले. बाई दुसऱ्या बाकावर बसल्या. आत सुरुवातीला काहीच दिसत नव्हतं. मग डोळे अंधाराला सरावले, तशी समोरची भिंत राखाडी दिसू लागली. वर ढग पातळ झाला की भिंत किंचित उजळायची, दाट झाला की मावळायची. झाड नव्हतंच, पण भिंत जणू मंद श्वास घेत होती. साहेब बराच वेळ बसले. जाताना म्हणाले, "मला नक्की काय दिसलं ते सांगता येणार नाही, पण बसून बरं वाटलं."

बाईंच्या कामाचं पुढं पुष्कळ कौतुक झालं, पण त्यांनी दुसऱ्याला सांगितलेलं एवढं एकच. "ढगाच्या दिवशी आला तो माणूस," असा त्या त्याचा उल्लेख करायच्या.

निवृत्त झाल्यावर बाई पेडगावला राहायला गेल्या. यजमान भगवानराव तिथं शेती बघत होते. इतकी वर्षं बाई आठवडाभर परभणीत आणि रविवारी गावाकडं अशा विभागलेल्या होत्या. भगवानराव अगदी कमी बोलणारे. कुणी काही विचारलं की आधी आभाळाकडं बघायचे, मग उत्तर द्यायचे. त्यांनी वावरात शेततळं खणलं होतं, आत काळं मेणकापड अंथरून पाणी साठवलेलं, आणि त्या पाण्याच्या भरवशावर मोसंबीची बाग लावलेली. तळ्याच्या पश्चिम काठाला जुना गोठा होता. बैलं गेली, ट्रॅक्टर आला, तसा तो रिकामा पडला होता. त्याचं तोंड पूर्वेला, म्हणजे थेट तळ्याकडं.

बाईंनी तो गोठा पहिल्याच हिवाळ्यात मागून घेतला. गव्हाणी काढल्या, भिंतींना आणि पत्र्याला आतून चुना मारला. सकाळचं ऊन तळ्यावर पडायचं आणि पाण्यावरून उसळून गोठ्यात शिरायचं. पांढऱ्या छतावर उजेडाच्या लाटा धावायच्या. त्यांच्या वाटेत बाईंनी काचा, आरशाचे तुकडे, जुन्या डब्यांची घासून चकचकीत केलेली झाकणं टांगली. लाटा त्यांच्यावर आपटून फुटायच्या, भिंतींवर उतरायच्या, जमिनीवर पांगायच्या. कुठली काच कुठं टांगायची यात त्यांची वर्षं गेली. एखादी काच वीतभर हलवायच्या आणि आठवडाभर नुसतं बघायच्या.

मी रविवारी जायची. गोठ्यात चटई टाकून आम्ही बसायचो. वारा पडलेला असला की लाटा संथ, वारा सुटला की सगळा गोठा थरथरायचा. एकदा बाहेर खंड्यानं तळ्यात सूर मारला. तो आम्हाला दिसला नाही, पण डोक्यावर छतावर उजेडाचं एक वलय उमटलं आणि मोठं होत होत भिंतींपर्यंत आलं. "मासा घावला त्याला," बाई म्हणाल्या. गावातल्या बायकाही यायच्या. पाण्यात बसल्यावानी वाटतंय माय, म्हणायच्या, आणि शेंगा फोडत बसून राहायच्या.

भगवानराव सकाळी एकदा दारात यायचे, बाहेरून आत बघायचे. म्हणायचे, "आमच्या तळ्याला दोन धनी हायेत. मी पाणी घेतो, ही उजेड घेती." एवढं बोलून निघून जायचे.

अशी काही वर्षं गेली. मग बाईंची एक जुनी विद्यार्थिनी, अर्चना, गोठा बघून गेली. ती पुण्याला कलेच्या महाविद्यालयात शिकवत होती. तिनं तिकडं आपल्या लोकांना सांगितलं आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत मूर्तिकार, चित्रकार अशी काही मंडळी मुद्दाम पेडगावला यायची ठरली. बाईंनी मला फोन केला तेव्हा त्यांचा आवाज नेहमीपेक्षा वरच्या पट्टीत होता. "रेखाबाई, कामाची माणसं यायलीत. आपल्यासारखं करणारी. सुट्टी लागली की तुमीबी या इकडं राहायला."

पण त्या वर्षी पोळ्यानंतर पावसानं जी पाठ फिरवली ती फिरवलीच. संक्रांत उलटली तशी विहीर खडखडीत झाली. उरलं ते शेततळं. बागेचं ते पहिल्या फळाचं वर्ष होतं. भगवानराव मोटार लावून ठिबकनं मोजकं पाणी सोडायचे आणि तळं थोडं थोडं उतरायचं.

मी राहायला गेले तोवर गोठा बदललेला होता. पाणी खाली गेलं की ऊन त्याच्यापर्यंत पोचायला काठाचा बांध आडवा यायचा. सूर्य पुरता वर चढेपर्यंत छत कोरं असायचं. लाटा उशिरा यायच्या, थोडाच वेळ थांबायच्या आणि आतल्या भिंतीपर्यंत न पोचता दाराकडच्या छतावरच घुटमळायच्या. बाई रोज काचा दाराकडं सरकवत होत्या. स्टुलावर चढायच्या, तार सोडायच्या, पुढच्या वाशाला बांधायच्या. मला म्हणाल्या, "पाहुणे येईपर्यंत एवढा उजेड जरी टिकला तरी पुष्कळ हाय."

त्या दिवशी संध्याकाळी ओट्यावर बसलो होतो. भगवानराव ठिबकच्या नळीत अडकलेली माती काढत होते. बाईंनी बराच वेळ मनाशी काही जुळवलं असावं. म्हणाल्या, "अहो, थोडे दिवस मोटार थांबवता का?"

भगवानरावांनी आभाळाकडं बघितलं. मग म्हणाले, "थांबवतो की."

"झाडं?"

"दम काढतील."

"खरंच काढतील?"

"थांबवतो म्हणलं ना." ते नळी घेऊन उठून गेले.

मोटार थांबली. रोज सकाळी घरात तिचा आवाज घुमायचा, तो बंद झाल्यावर सगळं फार शांत वाटायला लागलं. तळं जिथल्या तिथं राहिलं. गोठ्यातल्या लाटा रोज आल्या, दारालगतच्या छतावर आल्या, पण आल्या. बाईंनी सगळ्या काचा पुसून घेतल्या. त्या आनंदात असायला हव्या होत्या. पण चटईवर बसल्या की त्यांचं लक्ष छताकडं नसायचं.

दोन-तीन दिवसांनी सकाळी चहा झाल्यावर म्हणाल्या, "चला, जरा बागेतून येऊ."

बांधावर आम्ही पोचलो आणि बाई थांबल्या. मला बाग नेहमीसारखीच दिसत होती, जरा मलूल इतकंच. बाई डोळे बारीक करून बघत होत्या.

"परवा हिरवी होती," त्या म्हणाल्या. "आज राखाडी दिसायलीय. पानं पाठ दाखवायलीत."

आत शिरलो. पानं होडीसारखी आत वळली होती, त्यामुळं त्यांची फिकी बाजू वर आली होती. झाडांखाली गोट्यांएवढी हिरवी मोसंबी गळून पडली होती. बाईंनी वाकून एक उचललं, तळहातावर घेतलं. पुढच्या झाडाखालीही तेच, त्याच्या पुढच्याही. मोसंबं हातात धरूनच त्या ताडताड चालत तळ्याकडं गेल्या. मोटारीच्या खोलीचं दार ढकललं आणि हिरवं बटण दाबलं.

मोटार घुमली. भगवानराव पलीकडच्या वावरातून जवळजवळ धावत आले.

"काय करायलीस?"

"पाणी द्यायलेय."

"आन तुझे पाहुणे?"

"येऊ द्या की. त्यांना भाकरी घालू." मग त्यांच्याकडं हात पुढं केला. तळहातावर ते मोसंबं होतं. "तुमी बोलले का न्हाईत?"

भगवानरावांनी ते मोसंबं उचलून खिशात टाकलं. "तू कधी काय मागतीस?" ते म्हणाले आणि ठिबक बघायला बागेत गेले.

त्यानंतर बाईंनी काचा सरकवायचं सोडून दिलं. त्या रोज सकाळी चटई घेऊन गोठ्यात बसायच्या. मोटार चालू असायची. लाटांचा पट्टा दिवसागणिक अरुंद झाला, दाराच्या चौकटीवर आला, मग चौकटीच्या वरच्या लाकडावर फक्त एक थरथरती रेघ उरली. एका सकाळी तीही आली नाही. बाहेर ऊन लखलखत होतं, तळ्याच्या तळाशी काळ्या मेणकापडावर उरलेलं पाणी चमकत होतं, आणि गोठ्यात काही नव्हतं. बाई उठल्या, टांगलेली झाकणं आणि आरसे एकेक करून उतरवले, फडक्यात गुंडाळले. मी मदतीला पुढं झाले तर म्हणाल्या, "बसा तुमी. मलाच करू द्या."

पाहुणे आले ते नेमके त्यानंतर. दोन गाड्या, गळ्यात कॅमेरे, आणि पुढं अर्चना. तिनं वाटभर सगळ्यांना पाण्याच्या छताचं वर्णन करून ठेवलेलं. बाईंनी मोकळेपणानं स्वागत केलं, पन्हं दिलं आणि गोठ्यात नेलं. आत पांढऱ्या रिकाम्या भिंती. वरच्या पत्र्यातल्या जुन्या खिळ्यांच्या भोकांतून ऊन येत होतं. बाहेर वावटळ उठली, धूळ आत शिरली, आणि त्या भोकांखाली उजेडाचे तिरपे खांब एकदम उभे राहिले. सगळा गोठा खांबांनी भरून गेला.

"हे धुळीनं दिसायलेत," बाई म्हणाल्या. "पावसाळ्यात हवा धुतलेली असती. तवा हे असेच असतात, पण आपल्याला दिसत न्हाईत."

दोघांतिघांनी फोटो काढले. एक दाढीवाले गृहस्थ, मूर्तिकार होते ते, अदबीनं म्हणाले, "छान आहे, बाई. पण ते मूळ काम कुठं आहे?"

"ते मोसंबीत गेलं," बाई म्हणाल्या. "चला, दाखवते."

काही जण हसले. पण बाई खरंच चालायला लागल्या होत्या. भर उन्हात सगळी मंडळी त्यांच्यामागं बागेत गेली. बाईंनी त्यांना झाडं दाखवली, वळलेली आणि पुन्हा उलगडलेली पानं दाखवली, पाणी मिळाल्यावर रंग कसा परत आला ते सांगितलं. ज्यांना समजलं त्यांना समजलं. बाकीच्यांनी टोप्या सारख्या केल्या. मग भाकरी, पिठलं, ठेचा अशी जेवणं झाली. मंडळी चांगली होती, मनापासून आभार मानून निघाली.

अर्चना मागं रेंगाळली. तिचे डोळे भरून आले होते. "बाई, मी त्यांना किती सांगितलं होतं..." ती डोळे पुसायला लागली तर बाईंनी तिचा हात धरला. "लगेच पुसू नका. आधी बाग कशी दिसायलीय ते बघा त्यातून." अर्चनानं ओल्या डोळ्यांनी बागेकडं बघितलं आणि रडता रडता हसली.

गाड्या गेल्या. धूळ खाली बसली. बाई गोठ्याच्या उंबऱ्यावर बसल्या. मी ओट्यावरून भांडी आवरत होते. भगवानराव तांब्या-पेला घेऊन आले, त्यांच्या शेजारी बसले.

"वाटलं होतं," बाई म्हणाल्या, "एकदा तरी कुणीतरी नीट बघंल."

"मी बघतो की रोज."

"तुमी पाणी किती उरलं ते बघायला येता."

भगवानरावांनी पेला भरून त्यांच्या हातात दिला. "तसं नुसतं सांगतो," ते म्हणाले. "बांधावरून दिसतं की पाणी. त्याच्यासाठी गोठ्याच्या दारात कशाला यावं लागतंय?"

बाईंनी त्यांच्याकडं वळून बघितलं. पाणी प्यायल्या आणि पेला परत देताना आपला हात त्यांच्या हातावर जरा जास्त वेळ राहू दिला. मी भांडी घेऊन आत गेले.

काही झाडं त्या उन्हाळ्यात गेलीच. बरीच वाचली. तळ्यातलं पाणी पावसाळ्यापर्यंत जेमतेम पुरलं. पुढं पाऊस चांगला झाला, तळं काठोकाठ भरलं आणि बाईंनी फडक्यातल्या काचा पुन्हा बाहेर काढल्या. या वेळी त्यांनी त्या एका जागी टांगल्या नाहीत. आतल्या भिंतीपासून दाराच्या चौकटीपर्यंत सगळ्या गोठाभर ओळीनं टांगल्या, म्हणजे तळं जिथवर उतरेल तिथवर लाटांना काही ना काही भेटत राहील. पाणी उपसायला लागलं की काम आपोआप दाराकडं चालत यायचं. भगवानराव आता दारात उभे राहायचे नाहीत, आत येऊन चटईवर बसायचे. बसून एखादी सूचनाही करायचे, आणि बाई ती ऐकून घ्यायच्या.

बाई गेल्या त्याला आता काही वर्षं झाली. उन्हाळ्याच्या तोंडाशी थोडक्या आजारात गेल्या. मला वेळेत पोचता आलं नाही. त्यामुळं मला त्या आठवतात त्या त्याच्या आधीच्या पौषातल्या एका सकाळच्याच.

आदल्या दिवशी मी मुक्कामाला गेले होते आणि सकाळी लवकर निघून शाळा गाठायची होती. उठून बाहेर आले तर दाट धुकं. तळं नाही, गोठा नाही, बाग नाही. अंगणातलं तुळशीवृंदावन तेवढं पुसट दिसत होतं. बाई शाल गुंडाळून गोठ्यापाशी उभ्या होत्या. मी म्हटलं, "आज काहीच दिसणार नाही की."

"आज सगळीकडंच हाय तो," त्या म्हणाल्या. "कुठून यायलाय ते मात्र कळंना." आणि एखादं लहान मूल नवीन खेळण्याकडं बघतं तशा त्या पांढरेपणात हात पुढं करून आपलीच बोटं बघत राहिल्या.

त्या मला रस्त्यापर्यंत सोडायला आल्या. परभणीला जाणारी जीप धुक्यातून हळूहळू येऊन थांबली. तिचे दोन्ही दिवे मोठे लावलेले, समोर नुसती पांढरी भिंत. ड्रायव्हर वैतागला होता. "काहीच दिसंना मावशी. कसंबसं आलोय इथपर्यंत."

मी मागं बसले. बाई पुढं होऊन त्याच्या खिडकीशी गेल्या. "तुमी दिवे बारीक करा. मोठा उजेड धुक्यावरच पडायलाय, म्हणून धुकंच दिसायलंय. खाली पाडा उजेड, रस्त्यावर."

त्यानं एकदा त्यांच्याकडं बघितलं आणि बटण फिरवलं. समोरची पांढरी भिंत विरघळली. ओलं डांबर, कडेचं गवत आणि पुढचं वळण दिसलं.

"दिसायलाय की रस्ता!" तो म्हणाला.

मी बाईंना काही म्हणावं म्हणून मागं वळले. त्या वळून निघालेल्या होत्या. शाल दिसली, मग शालीची कड, मग नुसतं धुकं. जीप चालू लागली.